पंखा थांबत नव्हता

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ‘परंतु’ हा शब्द टाइप करत होते. ‘परं’ उमटलं आणि पडदा काळा झाला. दोन-तीन सेकंदांत मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, कंपनीचं चिन्ह आलं, मग विंडोजचे गोल फिरणारे ठिपके, आणि मी पुन्हा पासवर्डच्या चौकोनापुढे. सकाळी येऊन नुकतंच मशीन लावलं असावं, तशी. शेवटची पाऊण तासाची मेहनत वाचली ती दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होण्याच्या कृपेने.

अपडेट आलं असेल म्हणून सोडून दिलं. विंडोज अपडेट आधी चार वेळा विचारतं, असं ‘परं’वर गळा धरत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. आणि त्याच संध्याकाळी तिसऱ्यांदा.

मी भाषांतराचं काम करते. संगणक रोज आठ-नऊ तास चालू असतो आणि त्याच्याशी माझं नातं गिरणीवाल्याचं जात्याशी असावं तेवढंच. मशीन सहा वर्षांपूर्वी सुटे भाग घेऊन जुळवलेलं. कॅबिनेट टेबलाखाली, माझ्या उजव्या पायाशी. हा शेवटचा तपशील मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे दोन महिने तो मी कुणालाही सांगितला नाही. कुणी विचारलाच नाही.

भाच्याला फोन केला. तो याच धंद्यातला, पण दूर राहतो. म्हणाला, “मावशी, आधी काहीही बदलू नकोस. मशीनने काय लिहून ठेवलंय ते वाच.”

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची वही असते. स्टार्टवर उजवी क्लिक केली की यादीत दिसते. त्यातल्या ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टिम’ उघडलं तर शेकडो ओळी, आणि अधूनमधून लाल खुणा. माझ्या तिन्ही वेळांशी जुळणाऱ्या दोन नोंदी होत्या: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१, आणि इव्हेंटलॉग, क्रमांक ६००८. पहिली म्हणते, यंत्रणा नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. दुसरी म्हणते, मागचं बंद होणं अनपेक्षित होतं. म्हणजे मला जे ठाऊक होतं तेच मशीनने मला परत सांगितलं.

या ४१ क्रमांकाने अनेकांची दिशाभूल होते असं माझं मत झालं आहे. नावात ‘पॉवर’ आहे, म्हणून लोक थेट पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतल्या विजेतून मशीनला हवी ती वीज काढून देणारी एसएमपीएसची पेटी, बदलायला धावतात. मीही शेवटी धावलेच. पण ती नोंद मरताना लिहिलेली नसते, जागं झाल्यावर लिहिलेली असते. विंडोज उठतं, ‘मागच्या वेळी मला कुणी निजवलं नव्हतं’ हे त्याच्या लक्षात येतं आणि ते तसं टिपून ठेवतं. हा नुसता पंचनामा. खुनी कोण ते त्यात नसतं.

तरी पंचनाम्यात दोन कामाचे रकाने असतात. नोंदीवर दोनदा क्लिक करून ‘डिटेल्स’मध्ये गेलं की ‘बगचेककोड’ नावाची ओळ दिसते. तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर आधी निळा पडदा (विंडोज स्वतः कोसळलं की येतो तो) येऊन गेलेला असतो आणि तो आकडा धरून माग काढता येतो. माझ्याकडे शून्य. पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद पाडलं असेल तर त्याच्या वेळेचीही एक ओळ असते, तिथेही शून्य. १०७४ क्रमांकाची नोंद कुठेच नव्हती. एखाद्या प्रोग्रामने किंवा माणसाने रीतसर रीस्टार्ट सांगितला असता तर ती पडली असती. ‘सी’ ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, कोसळताना विंडोज आपली अवस्था तिथे टाकून जातं. तेही रिकामं. प्रोसेसर किंवा रॅमच्या हार्डवेअरच्या चुका ज्या नावाने नोंदवल्या जातात त्या ‘व्हिया-लॉगर’चीही एक ओळ नव्हती.

भाच्याने आणखी एक करायला लावलं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे, तिथली ‘आपोआप रीस्टार्ट करा’ ही खूण काढून टाकली. ती असेल तर निळा पडदा आला तरी वाचायच्या आत निघून जातो. खूण काढली की निळा पडदा तसाच उभा राहतो. मी काढली आणि वाट पाहिली. दोन दिवसांनी मशीन गेलं. निळं काहीच दिसलं नाही. सरळ काळं, मग चिन्ह, मग ठिपके.

“म्हणजे विंडोजला कळायच्या आत होतंय,” भाचा म्हणाला. “खालून कुणीतरी पाय ओढतंय.”

तो हे उपमेने बोलला होता.

सॉफ्टवेअरची बाजू मी तरीही करून घेतली, कारण ती बसल्याजागी होते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, सिस्टिम फाइल तपासणीची आज्ञा चालवली, डिस्क तपासली, व्हायरस शोधले. सगळीकडे सगळं ठीक. मग पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी यंत्रणा, घेऊन त्यावरून मशीन सुरू केलं आणि दोन दिवस ब्राउझरमध्येच काम केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लिनक्समध्येही तेच झालं. हे मला फार आवडलं. एका झटक्यात विंडोज, त्याचे ड्रायव्हर, माझे फाँट, माझा शब्दकोशाचा जुना प्रोग्राम, सगळे निर्दोष सुटले. ही तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

त्याच दिवशी मी एक वही घातली. तारीख, वेळ, काय चालू होतं, त्या दिवशी काय बदललं.

आता हार्डवेअर. पहिला संशय उष्णतेवर. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्रामने सगळे सेन्सर एका खिडकीत दिसतात आणि ते दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. नुसतं टाइप करताना प्रोसेसर ५८ अंश, आणि प्राइम ९५ नावाचा ताण देणारा प्रोग्राम लावला की दहा मिनिटांत ९४. हे जास्तच. मी खुशीत आले. आजार सापडला की माणूस निम्मा बरा होतो.

मशीन बंद केलं, वायर काढली, उरलासुरला करंट जावा म्हणून पॉवरचं बटण एकदा दाबलं, आणि कॅबिनेटचा बाजूचा पत्रा सरकवून काढला. आत हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धूळ नव्हती, नमदा होता. करड्या रंगाचा, बोटाने उचलला तर एकसंध निघणारा. पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने तो काढला. (पाती न धरता हवेचा फवारा मारला तर पंखा भलत्या वेगाने गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.) हीटसिंक काढला तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट वाळून भिंतीवरच्या चुन्यासारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मुगाएवढा नवा ठिपका टाकला, परत बसवला. ताण देऊन पाहिलं: ७३ अंश. एकवीस अंशांनी खाली!

पत्रा लगेच लावला नाही. म्हटलं जरा हवा खाऊ दे. तीन दिवस मशीन उघड्या पोटाने चाललं आणि एकदाही गेलं नाही. चौथ्या दिवशी पत्रा लावला आणि भाच्याला विजयाचा निरोप पाठवला. पाचव्या दिवशी सकाळी अकराला, ७ तारखेला, वहीत नोंद आहे: “गेलं. मेल लिहीत होते. ४४ अंश.”

४४ अंश. फाइलमध्ये शेवटच्या ओळीपर्यंत सगळे आकडे सपाट. आणि खरं तर भाच्याने आधीच सांगितलं होतं की उष्णतेने मशीन सहसा असं वागत नाही. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला सरळ बंद पडतो आणि बंदच राहतो. पडून लगेच उठणं ही त्याची तऱ्हा नव्हे. हे ऐकलं होतं, पण ९४ आकडा दिसल्यावर कोण ऐकतं.

मग रॅम. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन सुरू करायचं. तो विंडोजच्या आधीच रॅमचा ताबा घेतो, प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो आणि फरक दिसला तर तो कोणत्या पत्त्यावर दिसला ते सांगतो. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, माझ्या सोळा जीबीला रात्र पुरली. सकाळी उठून पाहिलं तर चार फेऱ्या, शून्य चुका, आणि मशीन रात्रभर एकदाही पडलेलं नाही. तरी समाधान म्हणून रॅमचा जादा वेग देणारी एक्सएमपीची सेटिंग बायोसमधून (विंडोजच्या आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) बंद केली, मग एक पट्टी काढून एक आठवडा, दुसरी काढून एक आठवडा. दोन्ही आठवड्यांत मशीन गेलं. रॅमचा संबंध संपला.

इथे मला एक गोष्ट दिसायला हवी होती. रात्री मेमटेस्ट आठ तास चालला, काही नाही. प्राइम ९५ लावून मी बाहेर जाऊन आले, काही नाही. मेल लिहायला बसले की जातंय. संगणकाला काम जड जात नव्हतं, माझी सोबत जड जात होती. वहीत हे सगळं माझ्याच अक्षरात आहे. पण मी ‘काय चालू होतं’ या रकान्यात प्रोग्रामचं नाव लिहीत होते. खुर्चीत कोण होतं ते लिहायला रकाना नव्हता.

राहता राहिला एसएमपीएस. यावर माझा आता ठाम विश्वास बसला होता, आणि कारणंही पटण्यासारखी होती. एसएमपीएस नुसती वीज देत नाही, तो मदरबोर्डला एक निरोपही देतो. करड्या रंगाच्या वायरीवर ‘पॉवर गुड’ नावाचा संकेत असतो: सगळे व्होल्टेज जागेवर आहेत, चालू राहा. तो संकेत क्षणभर जरी डळमळला तरी मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेट करतो, विंडोजला काही कळायच्या आत. अगदी माझीच लक्षणं! शिवाय भिंतीतली वीज क्षणभर गेली तर आतल्या कपॅसिटरांतल्या साठ्यावर एसएमपीएसने साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. ५० हर्ट्झच्या विजेत एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. म्हणजे तब्येत ठणठणीत असतानाच एवढं, आणि सहा वर्षांनी कपॅसिटर वाळले की ते आणखी कमी.

यूपीएस वगळून थेट भिंतीत लावून पाहिलं, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवरून लावून पाहिलं. फरक नाही. मल्टिमीटर घेतला. जुन्या चारपिनी कनेक्टरमध्ये काळी वायर ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६. माझ्याकडे १२.०८. लालवर ५.०३. आदर्श विद्यार्थी. पण मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो आणि गडबड तर मिलिसेकंदांची, त्यामुळे या आकड्यांनी एसएमपीएस सुटत नाही. एसएमपीएसची पेटी उघडून आत कपॅसिटर फुगलेत का ते बघायचा मोह झाला होता. भाच्याने फोनवर आवाज चढवला. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. ती पेटी घरी उघडायची नसते.

एका मैत्रिणीचा एसएमपीएस आठवड्यासाठी मागून आणला. तो कॅबिनेटमध्ये नीट बसवण्याऐवजी शेजारी स्टुलावर ठेवला आणि वायरी आत सोडल्या. साहजिकच बाजूचा पत्रा काढून ठेवला होता. सहा दिवस. एकही रीस्टार्ट नाही. आधी सरासरी दोन दिवसांआड जात होतं.

यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा? मी नवा एसएमपीएस विकत घेतला, नीट स्क्रू लावून बसवला, वायरी बांधल्या, पत्रा लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मशीन गेलं.

त्या संध्याकाळी मी वहीत काही लिहिलेलं नाही. पानावर फक्त वेळ आहे.

भाच्याला फोन केला तेव्हा माझा आवाज बरा नसावा. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने तो प्रश्न विचारला जो दोन महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. “मावशी, जातं तेव्हा पंखा थांबतो का?”

मला माहीत नव्हतं. जवळजवळ तीसवेळा ते माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि तीसही वेळा मी पडद्याकडे पाहत होते, कानाने काही ऐकलंच नव्हतं.

वीज खरोखर तुटली तर सगळंच थांबतं, तो म्हणाला. पंखा मंदावतो, दिवे जातात, फिरती हार्ड डिस्क असेल तर ती खाली येते आणि परत वेग घेते. नुसता रीसेट बसला तर वीज तशीच राहते, फक्त प्रोसेसर पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: काळा पडदा आणि चिन्ह. आणखी एक खात्री त्याने सांगितली. बायोसमध्ये एक सेटिंग असते, वीज जाऊन आली की मशीनने काय करावं याची. माझ्याकडे ती ‘सुरू हो’वर होती. ती ‘बंदच राहा’वर कर, म्हणाला. वीज तुटत असेल तर यापुढे मशीन बंद पडलेलं सापडेल. तरीही स्वतः उठलं तर वीज तुटतच नाहीये.

पुढचे दोन दिवस मी मशीन जाण्याची वाट पाहत काम केलं. अशी वाट पाहत असलं की ते जात नाही, हेही ओघाने आलंच. तिसऱ्या दिवशी दुपारी, खुर्ची पुढे ओढून नीट बसत होते, तेव्हा गेलं. मी पडद्याकडे पाहिलंच नाही. कान टेबलाखाली नेला. पंखा थांबला नव्हता. तोच संथ घरघराट, आणि मग उलट एकदम जोर, बायोस जागा होताना पंखा पूर्ण वेगाने सोडतो तसा, आणि परत संथ. कॅबिनेटच्या पुढचा निळा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. सेटिंग ‘बंदच राहा’वर असूनही मशीन स्वतः उठलं होतं.

वीज कधीच तुटत नव्हती. कुणीतरी रीसेट देत होतं.

रीसेट देऊ शकणारे थोडेच. विंडोज, पण लिनक्समध्येही झालं होतं. प्रोसेसरची स्वतःची चूक, पण एकदा तरी तिचा माग राहिला असता. ‘पॉवर गुड’, पण आता जुना आणि नवा, दोन वेगवेगळ्या एसएमपीएसवर मशीन गेलं होतं आणि दोन्हींचा संकेत एकाच तऱ्हेने डळमळेल हे अशक्य. (नवा एसएमपीएस अगदीच वाया गेला असं मी म्हणत नाही ते एवढ्यासाठी.) आणि चौथा म्हणजे ज्याचं नावच रीसेट, ते कॅबिनेटच्या तोंडावरचं छोटं बटण. सहा वर्षांत मी ते दोन-तीनदा दाबलं असेल.

त्या बटणाचं काम हास्यास्पद साधं आहे. त्याच्यापासून दोन बारीक वायरी निघून मदरबोर्डच्या कोपऱ्यात येतात. तिथे दोन ओळींत नऊ पिना असतात, एका ओळीत पाच, दुसरीत चार. पॉवर बटण, रीसेट बटण, डिस्कचा दिवा, पॉवरचा दिवा, सगळ्यांच्या वायरी याच पिनांवर. रीसेटच्या दोन पिनांपैकी एक ग्राउंड. दुसरीवर मदरबोर्डने थोडा व्होल्टेज धरून ठेवलेला असतो. बटण दाबलं की दोन्ही एकमेकींना टेकतात, व्होल्टेज शून्यावर येतो, मदरबोर्ड समजतो: रीसेट. बटणाने टेकल्या की आणखी कशाने, हे त्याला कळायला मार्ग नाही.

मशीन बंद करून पत्रा काढला, टॉर्च दातांत धरला आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेतला तो एक नकाशा मांडीवर घेतला. कनेक्टर साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नावं छापलेली, सहा वर्षांच्या धुळीत पुसट झालेली. ‘रीसेट एसडब्ल्यू’ वाचता आलं. चिमट्याने धरून सरळ वर ओढला. आला. पत्रा लावला. बटण नसलेलं मशीन सुरू झालं, कारण सुरू करायला ते बटण लागत नाही.

दहा दिवस. पत्रा लावलेला, मी खुर्चीत, नेहमीचं काम. एकदाही नाही.

पण मी सहा दिवसांच्या शांततेवर एकदा फसले होते. दहा दिवसांनाही आता किंमत वाटेना. म्हणून अकराव्या दिवशी कनेक्टर परत लावला, पत्रा बसवला, मशीन सुरू केलं आणि तसंच सोडलं. तासभर काही नाही. मग खुर्चीत बसले आणि लिहिताना मी कशी बसते ते आठवून तशी बसायला लागले. डावा पाय मागे. उजवा गुडघा बाहेर, कॅबिनेटच्या पत्र्याला टेकलेला. विचार करताना मी तो गुडघा थोडा दाबते. ‘परंतु’च्या पुढे काय लिहावं याचा विचार चालला असेल तेव्हा नक्कीच.

दाबला. पडदा काळा.

परत सुरू होऊ दिलं. पुन्हा दाबला. काळा. तिसऱ्यांदा फक्त तळहाताने, पत्र्याच्या पुढच्या कडेजवळ. काळा. दोन महिने जे मशीन माझ्या नकळत जात होतं ते आता सांगितल्याबरोबर जाऊन दाखवत होतं. मी एकटीच हसत बसले होते.

पत्रा काढून त्याची कड पाहिली. सरकवून बसवायच्या पत्र्याला आतून दुमडलेले आकडे असतात, ते कॅबिनेटच्या खाचांत जाऊन अडकतात. पुढच्या बाजूच्या एका खाचेत दोन वायरींची जोडी आकडा आणि चौकटीच्या मध्ये सापडून चपटी झाली होती. निळी आणि पांढरी. निळीवरचं प्लॅस्टिक एका जागी नखाएवढं चिरलं होतं आणि टॉर्च तिरका धरला की आत तांब्याची एक रेघ चमकत होती. मदरबोर्ड ज्या पितळी खांबांवर बसतो त्यांच्यातून सगळं कॅबिनेटच ग्राउंडला जोडलेलं असतं. त्यामुळे त्या रेघेला दुसरी वायर लागायची गरजच नव्हती. चौकटीचा पत्रा नुसता टेकला तरी बटण दाबल्यासारखंच.

पत्रा नसेल तर आकडा नाही, दाब नाही. म्हणून उघड्या पोटाने मशीन सुखात होतं. तीन दिवस थर्मल पेस्टने बरं केलं नव्हतं आणि सहा दिवस मैत्रिणीच्या एसएमपीएसनेही नाही. दोन्ही वेळा औषध पत्रा काढणं हेच होतं, आणि मी प्रत्येक वेळी बरं वाटल्यावर तो परत लावत होते. मेमटेस्टच्या रात्री गुडघा अंथरुणात होता.

आता ती वायर तिथे गेली कशी? वहीत मागे काही नाही, वही उशिरा सुरू झालेली. पण जुन्या पावतीवरची तारीख पाहिली. पहिल्या रीस्टार्टच्या तीन आठवडे आधी मी स्वतःच नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवली होती. केबल ओवायला जागा हवी म्हणून पुढच्या वायरींचा झुबका हाताने बाजूला सारला होता. आणि पत्रा बसेना म्हणून जरा जोर लावला होता. तो जोर मला चांगला आठवतो. “आता बसला,” असं मी मोठ्याने म्हटलंही होतं.

भाच्याने विचारलं होतं, अलीकडे काही बदललंस का? मी म्हटलं होतं, काही नाही. एसएसडी ठीक चालत होती ना, मग ते ‘बदल’ या सदरात मला मोजावंसंच वाटलं नाही.

चिरलेल्या जागी टेप गुंडाळला, झुबका प्लॅस्टिकच्या पट्टीने आतल्या बाजूला बांधला. रीसेटचा कनेक्टर मात्र परत लावला नाही. त्या बटणाशिवाय माझं काही अडत नव्हतं. सुट्ट्या टोकालाही टेप लावून ते कोपऱ्यात खोचून दिलं. कॅबिनेट टेबलाच्या डाव्या बाजूला नेलं. जुना एसएमपीएस धुवट कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. तो निर्दोष होता.

चार महिन्यांनी भाचा आला. माझ्या मशीनवर काहीतरी टाकत असताना पडदा गोठला, माऊस हलेना. त्याने सवयीने खाली वाकून रीसेट दाबलं. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे वर पाहिलं.

“ते चालत नाही,” मी म्हटलं.

“हो की,” म्हणाला, आणि पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं.